बोकड तांदूळ खाईपर्यंत

माझ्या हाताला अजून कार्बोलिकचा वास येतो, असं माझी सून म्हणते. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, आता कसला वास यायचा! पण मी स्वयंपाकघरात शिरले की ती नाक मुरडल्यासारखं करते आणि हसते. मला राग येत नाही. देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला मी अर्जुनी मोरगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले आणि वर्षभरातच तिथली 'हातधुवी बाई' झाले. माझं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर पडायचं.

हे लिहायला कारण झाली माझी नात. ती नागपूरला डॉक्टर आहे. गेल्या सुट्टीत जेवताना सांगत होती की, ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते अशा रोग्यांच्या रक्तात जंतू शिरतात आणि हल्ली त्यांच्यावर औषधंच चालत नाहीत. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. मग म्हणाली, "तुमचा काळ बरा होता आजी. पेनिसिलिन टोचलं की माणूस उठून बसायचा." माझा घास हातातच राहिला. उठून बसायचा हे खरं, पण बसून लगेच घरी चालू लागायचा, हे तिला कोण सांगणार? म्हणून हा खटाटोप.

दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं विहीर आणि अंगणात एक मोहाचं झाड. आत पाच-सहा खाटा. डॉक्टर हरदास मुख्य. उंच, अबोल, डोक्यावर कायम टोपी. रागावले तरी आवाज चढायचा नाही. ते काम मी करत असे. सुया तेव्हा आजच्यासारख्या टोचून फेकायच्या नव्हत्या. काचेची पिचकारी, लोखंडी सुई. रोज उकळायची, बोथट झाली की दगडावर घासायची, पुन्हा उकळायची. पेनिसिलिनच्या कुप्या गोंदियाहून छोट्या लाईनच्या रेल्वेगाडीनं ओल्या भुशातून यायच्या. पाण्यात कालवलेलं औषध उन्हाळ्यात नासू नये म्हणून ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवायचं. ही आमची शीतपेटी.

आणि दाराशी माझं घमेलं. कार्बोलिकचं पाणी भरलेलं. आत येणाऱ्या प्रत्येकानं, मग तो पाटील असो की पाटलाचा गडी, त्यात हात बुचकळायचे आणि नखं घासायची. न धुता आत पाऊल टाकलं की माझा तोंडाचा पट्टा सुटायचा. एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनाही मी दारात अडवलं होतं. त्यांनी हात धुतले आणि दिवसभर रुमालानं पुसत बसले, कारण तो वास साबणानंही जात नसे.

लोकांचा सुईवर भारी जीव. गोळीला ते औषध मानायचेच नाहीत. भाताच्या रोवणीच्या आधी धडधाकट बाया ओसरीवर येऊन बसायच्या, "ताकदीची सुई देऊन टाका बाई, चिखलात कंबर धरते." एकानं बैल आणून झाडाला बांधला आणि म्हणाला, "मले देता तं याले काऊन नाई? मायापेक्षा जास्त काम करते." त्याचं म्हणणं तसं खोटं नव्हतं.

गोळ्या घरी दिल्या तर त्यांचं काय व्हायचं, तेही सांगते. त्या घराघरांत वाटल्या जायच्या. घरात चांगली वस्तू आली आणि एकट्यानं खाल्ली, हे आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला पटत नाही. पोराला ताप म्हणून सल्फाच्या गोळ्या द्याव्यात, तर एक पोराला, एक आजीला, एक गुडघा दुखतो म्हणून शेजारच्या भावजीला. आठवड्यानं विचारलं की सगळे खूश, "सगळ्यायले थोडा थोडा आराम पडला." पोरगा मात्र फणफणलेलाच.

दुसरी गोष्ट नवसाची. घरचं माणूस दुखण्यानं पडलं की मातामायला, म्हणजे गावदेवीला, बोकड बोलायचा आणि अंग निवलं की त्याच दिवशी फेडायचा. उशीर झाला तर मातामाय दिलेलं परत नेते. म्हणजे पेनिसिलिननं ताप उतरला रे उतरला की गाडी जुंपलीच. जंतू अर्धे मेलेले, अर्धे जिवंत, आणि रोगी घरी रश्श्याच्या पंगतीत.

नवेगावकडचा एक गाडीवान असाच गेला. पाठीवर काळपुळी, तिचं विष रक्तात चढलेलं, त्यात लघवीतून साखर जाणारा माणूस. पहिल्यांदा पेनिसिलिननं सुरेख उतार पडला, तर हा नवस फेडायला पळाला. ताप उलटला म्हणून परत आला, पुन्हा थोडा उतार, पुन्हा पळाला. तिसऱ्यांदा आला तेव्हा डॉक्टरांनी दुप्पट औषध दिलं, तिप्पट दिलं. साध्या पाण्याइतकाही गुण आला नाही. तो गेल्यावर डॉक्टर त्याच्या भावाला समजावत होते, "धानाच्या बांधीतलं तण निंदणं अर्धं टाकून घरी गेलास तर काय उरतं? उपटायला सोपं ते जातं, मुळाचं घट्ट ते राहतं. मग सगळी बांधी त्याचीच होते." भावाला ते झटकन कळलं. पण कळून आता उपयोग नव्हता. त्या गाडीवानाचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो फार हसरा माणूस होता.

सगुणा आली ती यानंतर, आपला भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला. केशोरी गावची सून. विशीतली असेल, पण अंगावर मांस नाही, डोळे पिवळसर. लहानपणापासून हाडं दुखायची, मधूनच अशी कळ यायची की पोर लोळायची. माहेरी तिच्या एका भावालाही तसंच होतं, तो लहानपणीच वारला. त्या आजाराला आमच्याकडे तेव्हा नाव नव्हतं. पुढं कितीतरी वर्षांनी सिकल सेल हा शब्द आला तेव्हा मला आधी सगुणाच आठवली. या आजारात पानथरी, म्हणजे प्लीहा, कोवळ्या वयातच निकामी होते, रक्तात शिरलेल्या जंतूंना अडवणारं कोणी राहत नाही, असं नात सांगते. आम्हाला एवढंच दिसायचं की, दुसऱ्याला साधं गळू होतं तिथं हिच्या जिवावर बेततं.

रोवणीत तिच्या पायाला काहीतरी लागलं, ते पिकलं आणि थंडी वाजून ताप भरला. सासू तानाबाई तिला बैलगाडीत घालून घेऊन आली. तानाबाई ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर गोंदण आणि बोलणं अगदी मोजकं. सुनेच्या उशाशी बसून राहायची. मी घमेल्याकडे बोट दाखवलं की मुकाट्यानं हात धुवायची, का म्हणून विचारायची नाही.

पेनिसिलिन सुरू केलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्याच दुपारी सासरे डोमाजी गाडी घेऊन हजर. गाडीत बोकड. सासऱ्यानं सून निजली असेल त्या खोलीत जायचं नाही, अशी रीत. म्हणून ते अंगणातच थांबले. त्यांनी तळहातावर हळद लावलेले तांदूळ घेतले आणि बोकडापुढे धरले. बोकडानं ते खाल्ले म्हणजे मातामायनं तो घेतला, असं मानतात. घरच्या कर्त्यानंच ते द्यायचे. दिवसभर गाडीत उपाशी राहिलेला बोकड, त्यानं एका फटक्यात तळहात चाटून साफ केला.

"घेतला मातामायनं. चाला," डोमाजी म्हणाले.

मी ओसरीवरून ओरडले, "बाबाजी, औषध अर्धं राहिलंय! पोर मरेल!"

"अंग निवलं नं, बाई? मंग? मातामायचा कोप झाला तं तुमी येसान का वाचवाले?"

डॉक्टरांनीही समजावून पाहिलं. तानाबाई मधे उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे आणि सुनेला धरून गाडीत चढवलं. तोंडातून शब्द नाही. त्या बाईचा मला त्या दिवशी फार संताप आला. एक शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं, असं मी डॉक्टरांना म्हणालेही. ते म्हणाले, "सिस्टर, तिच्या घरात तुम्ही राहत नाही."

पाऊस सरता सरता सगुणा परत आली. आता मात्र तिच्याकडे पाहवत नव्हतं. श्वास लागलेला, ओठ सुकलेले, मधूनच बरळायची. पेनिसिलिन पुन्हा सुरू केलं, वाढवलं; ताप जागचा हलेना. डॉक्टरांनी तिचं रक्त बाटलीत घालून नागपूरला पाठवलं. तिकडून निरोप आला की हा जंतू पेनिसिलिनला जुमानत नाही, नवीन औषध द्या. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुला. आमच्या दवाखान्यात ते नावही कोणी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी नागपूरच्या एका वर्गमित्राच्या मागे लागून त्या मिळवल्या. डबी माझ्या हाती देताना म्हणाले, "हे शेवटचं. हेही अर्ध्यावर सुटलं तर माझ्याकडे हिच्यासाठी काही नाही. दोन आठवडे तरी ही इथून हलता कामा नये."

आता माझ्यापुढे खरा पेच. औषधाला गुण येईल की नाही ही धाकधूक एकीकडे, आणि आलाच तर त्याच दिवशी बोकड येणार ही दुसरीकडे. सुई नव्हती, गोळ्या होत्या, म्हणजे "देऊन टाका, घरी खाईल" म्हणायला डोमाजी मोकळे. आणि घरी म्हणजे केशोरीत निम्म्या गल्लीला टेट्रासायक्लिनचा प्रसाद.

डोमाजींनी पुन्हा नवस बोललाच होता, मोठ्या बोकडाचा. बोकड आधीच आणून मोहाच्या झाडाला बांधला होता, अंग निवलं की एक घटकाही वाया जायला नको. सगुणाची अवस्था फार बिघडली होती त्या सकाळी तानाबाई अंगणात जाऊन नवऱ्याला म्हणाली, "आत येऊन पाहा तिले. रीतभात जाऊ द्या. एकदा डोऱ्यानं पाहा."

डोमाजी बिचकले, पण आले. दारात मी घमेलं दाखवलं. त्यांनी हात धुतले. सुनेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि त्या ताठ म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यानंतर ते रोज सकाळ-संध्याकाळ आत यायला लागले. मी सांगायच्या आधी तानाबाईच म्हणायची, "पयले हात धुवा, बाई रागावते."

कॅप्सुलांनी चौथ्या-पाचव्या दिवशी काम दाखवलं. सकाळी सगुणाच्या कपाळाला घाम आला, तिनं पेज मागितली. मला आनंदानं काय करावं कळेना, पण त्याच क्षणी नजर अंगणातल्या बोकडाकडे गेली. डोमाजी आत होते. "अंग निवलं," तानाबाई म्हणाली. ते तडक अंगणात गेले, कनवटीचे हळदीचे तांदूळ तळहातावर घेतले आणि बोकडापुढे धरले.

बोकडानं नाक पुढं केलं, हुंगलं, शिंकला आणि तोंड फिरवलं.

डोमाजींनी पुन्हा हात पुढं केला. बोकडानं चक्क पाठ केली. तिथं जमलेल्या रोग्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "आज नाई घेत मातामाय." डोमाजींचा चेहरा उतरला. गाडी जुंपायचा विषयच संपला.

मला समजायला थोडा वेळ लागला. शेळीची जात निंब खाते, रुई सोडली तर बाकी सगळं खाते, पण खाण्याला परका वास लागला की शिवत नाही. आणि डोमाजींच्या तळहाताला माझ्या घमेल्याचा वास होता. मी तोंडावर पदर धरला आणि कपाटामागे जाऊन हसून घेतलं. त्या दिवसापासून घमेल्यातलं पाणी मी जरा जाडच करायला लागले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर ओसरीवर थबकले आणि म्हणाले, "सिस्टर, आज वास फार येतोय." मी म्हटलं, "माश्या वाढल्यात, डॉक्टर." त्यांनी अंगणातल्या बोकडाकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि आत गेले.

रोज तोच प्रकार. डोमाजी सुनेला पाहून बाहेर जायचे, तांदूळ धरायचे, बोकड तोंड फिरवायचा. बाकी त्या बोकडानं काही म्हणून सोडलं नाही. मोहाचा पाला खाल्ला, रोग्यांचा भात खाल्ला, दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या पट्ट्या खाल्ल्या. त्यामुळे डोमाजी आणखीच हादरले. "चिंध्या खाते, पन मातामायचे तांदूर खात नाई," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

एका दुपारी ते ओसरीच्या पायरीवर बसले होते. हलकं धान कापणीला आलेलं, गावाकडून निरोपावर निरोप. मला म्हणाले, "बाई, आमचं काय चुकलं असन? पयल्या खेपेले घाई केली म्हणून रुसली असन का मातामाय?"

तोवर मला ही गंमत वाटत होती. त्यांचं ते तोंड पाहून गंमत गेली. या माणसानं सुनेसाठी रीत मोडली, पीक टाकलं, आणि आपल्या देवीनं आपल्याला टाकलं असं समजून तो झुरत होता. खरं सांगावं असं ओठांवर आलं. पण डबीत अजून कॅप्सुला होत्या. मी म्हटलं, "रुसली नसेल बाबाजी. सगुणा पुरती बरी व्हायची वाट पाहत असेल." ते बराच वेळ मान हलवत राहिले.

सगुणाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. ती बरी झाली. हाडांचं दुखणं गेलं नाही, ते जाणारं नव्हतंच, पण ती जगली, संसार केला. मी अर्जुनीत होते तोवर दर बाजाराला ओसरीवर येऊन बसायची आणि ताप आला की आपल्या पायांनी यायची. माझ्या नोकरीत मी कमावलं काय, असं कोणी विचारलं तर मी तिचं नाव सांगते.

डबी संपली त्या सकाळची गोष्ट राहिली. डॉक्टरांनी सगुणाला तपासून घरी जायला हरकत नाही म्हटलं. आता मला उलटी काळजी. बोकडानं आज तांदूळ खाल्ले पाहिजेत, नाही तर हा म्हातारा मन मोडून घरी जाईल. मी ठरवलं, आज घमेल्यात नुसतं विहिरीचं पाणी ठेवायचं. पण हातांत मुरलेला इतक्या दिवसांचा वास तेवढ्यानं जाईल का? विचार करत मी मागच्या दाराला आले आणि तिथंच थांबले.

विहिरीच्या काठावर डोमाजी उकिडवे बसले होते. तानाबाईनं त्यांचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले होते आणि चुलीतली राख लावून ती ते घासत होती. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. घासून झालं की पाणी ओतायची, हात नाकाशी नेऊन हुंगायची आणि पुन्हा राख लावायची.

"आज कायले एवढं?" डोमाजी विचारत होते.

"आज घेईन ते. चूप बसा."

तिनं मान वर केली तेव्हा मी दारात उभी होते. ती हसली नाही, मीही नाही. मग ती नवऱ्याला सुनेच्या खोलीवरून, घमेल्यावरून न नेता बाहेरच्या बाजूनं वळसा घालून अंगणात घेऊन गेली. डोमाजींनी तांदूळ धरले. बोकडानं हुंगलं आणि अख्खा तळहात चाटून पुसून काढला. डोमाजी खालीच बसले आणि त्यांनी मातीला कपाळ टेकलं.

गाडी जुंपली. सगुणा आपल्या पायांनी चढली. तानाबाई माझा निरोप घ्यायला ओसरीवर आली. मी हळूच विचारलं, "तानाबाई, तुम्हाला केव्हापासून ठाऊक होतं?"

"पयल्याच दिवसापासून. बोकडं मी लहानपनापासून चारली, बाई."

"मग मला बोलला का नाहीत?"

ती गाडीकडे पाहत राहिली. सगुणा पाय सोडून बसली होती, मांडीवर बोकडाची दोरी होती.

"पयल्या खेपेले मी चूप राहिली होती," तानाबाई म्हणाली. "घरी गेल्यावर पोरीले ताप भरला, तवा ती मले म्हने, आत्याबाई, तुमी तरी बोलाले पायजे होतं." तिनं पदरानं डोळे पुसले. "बोलनं मले जमत नाई, बाई. म्हनून यायले आत बोलावून हात धुवाले लावले."